पाठीमागे लागलेला कान

रस्त्यावर सायकल चालवताना एक कान कायम पाठीमागे लागलेला असतो. डोळे समोरच्या खड्ड्यांवर, बोटं ब्रेकवर आणि कान मागून येणाऱ्या गाडीवर. ट्रक आहे की मोटार, किती लांब आहे, वेग कमी करतोय का, बाजूने निघून जाईल की अगदी जवळून जाईल? इतक्या वर्षांच्या सवयीने हे चालू असतं की ते काम आहे हेच आपण विसरतो. माझं तर स्पष्ट मत आहे की सामान लादून केलेल्या लांबच्या सायकलप्रवासात पायांपेक्षा जास्त दमतो तो हा कान. त्याला खरोखर सुट्टी द्यायची तर कमी रहदारीचा रस्ता पुरत नाही. मोटारींना जिथे येताच येत नाही अशी वाट लागते.

हे मला ताईमुळे कळलं. तिला लहानपणापासून उजव्या कानाने ऐकू येत नाही. लोकांना वाटतं, दुसरा कान आहे ना, मग झालं. ऐकू येतंच तिला, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला डाव्यापेक्षा क्षणाचा अगदी बारीक अंश आधी पोचतो आणि जरा मोठा लागतो. त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. एकाच कानाने ऐकणाऱ्याला हा फरक मिळतच नाही. म्हणजे रस्त्यावर ताईसाठी प्रत्येक मोटार एकाच वेळी सगळीकडून येत असते. ज्या देशांत वाहनं डाव्या बाजूने चालतात तिथे ओव्हरटेक करणारी गाडी सायकलवाल्याच्या उजव्या हाताने पुढे जाते, म्हणजे नेमकी तिच्या बंद कानाकडून. तिने हँडलला आरसा लावलाय, दर काही सेकंदांनी ती त्यात बघते, आणि माझ्यापेक्षा कितीतरी शिस्तीत चालवते. पण दिवसचे दिवस असं चालवलं की संध्याकाळी तिचे पाय ताजे असतात आणि मान, खांदे, डोकं भरून आलेलं असतं.

म्हणून आम्ही दोघी बहिणी मोटारविरहित मार्ग शोधायला लागलो, आणि आता मला दुसऱ्या कुठल्या मार्गावर जावंसंच वाटत नाही.

आधी त्या 'शांत रस्त्यां'बद्दल. ग्रामीण भागातले आडरस्ते सुंदर असतात, यात वाद नाही. तासाला चार गाड्या जातात अशा रस्त्याला कुणीही शांतच म्हणेल. पण त्या चार गाड्या कधी येणार हे आपल्याला माहीत नसतं. त्यामुळे कान पूर्ण तासभर मागेच राहतो. गाड्या चार असोत की चाळीस. शिवाय रस्ता मोकळा मिळाला की गाडीवाले वळणावरही वेग कमी करत नाहीत. काही जण म्हणतात, सगळ्या गाड्या विजेवर आल्या की हा प्रश्न मिटेल. मिटणार नाही. साधारण ताशी ५० किलोमीटरच्या वर मोटारीच्या आवाजात इंजिनापेक्षा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा वाटा मोठा असतो, आणि तो विजेच्या गाडीलाही चुकत नाही. कमी वेगात मात्र, मुद्दाम कृत्रिम आवाज दिलेला नसेल तर, ती गाडी जवळजवळ मुकी असते, जे ताईसारखीला जास्तच धोक्याचं.

मोटारविरहित वाटांची गंमत अशी की सायकलस्वारांसाठी म्हणून सुरुवातीपासून आखलेल्या वाटा त्यांत थोड्याच. बहुतेक वाटा मागे उरलेल्या आहेत. बंद पडलेले लोहमार्ग, कालव्याच्या काठावरून होड्या ओढणाऱ्या घोड्यांची वाट, पूर अडवायला घातलेले नदीचे बांध, शेतात ट्रॅक्टर नेण्यापुरते केलेले रस्ते. वाट कशातून उरली आहे हे कळलं की तिचा चढ, तिची जमीन, तिच्यावर पाणी मिळेल की नाही, गाव किती लांब असेल, हे सगळं घरबसल्या बऱ्यापैकी सांगता येतं.

लोहमार्गापासून सुरुवात करते, कारण सामान घेऊन जाणाऱ्यासाठी त्याच्यासारखी वाट नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने धावतं. सपाटीवर ते वरदान, पण चढावर तेच चाक घसरतं. त्यामुळे वाफेच्या इंजिनाच्या काळात इंजिनिअर चढ शक्यतो दोन टक्क्यांच्या आत ठेवायचे, म्हणजे एका किलोमीटरमध्ये फार तर २० मीटर. त्यासाठी डोंगर मध्ये आला तर तो कापायचा किंवा त्यातून बोगदा काढायचा, दरी आली तर भराव घालायचा किंवा कमानींचा पूल बांधायचा. हा सगळा खटाटोप गाडीसाठी झाला आणि रूळ निघून गेल्यावर फळ मिळालं आपल्याला. वीस किलो सामान लादलेल्या सायकलला दोन टक्के चढ म्हणजे एक गिअर खाली टाकायचा आणि बोलत राहायचं. वळणंही तशीच. गाडीचे डबे काटकोनात वळत नाहीत, त्यामुळे या वाटेवर अचानक काहीच येत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातला एलरॉय ते स्पार्टा हा ५१ किलोमीटरचा मार्ग १९६० च्या दशकात असा रुळांवरून सायकलींकडे आला. तिथल्या या प्रकारच्या मार्गांमध्ये तो पहिला मानला जातो. त्यावर तीन बोगदे आहेत, सगळ्यांत लांब एक किलोमीटरहून जास्त. त्यानंतर अमेरिकेने एक फार शहाणपणाची गोष्ट केली. १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली की बंद होणाऱ्या लोहमार्गाचा पट्टा तुकडे न करता राखून ठेवायचा, पुढेमागे रेल्वेला लागला तर परत द्यायचा आणि तोवर त्यावर लोकांनी चालायचं, सायकल चालवायची. नाहीतर गाडी थांबताच अनेक ठिकाणी पट्ट्याचे तुकडे शेजारच्या जमीनमालकांकडे गेले असते. याविरुद्ध जमीनमालक कोर्टात गेले, आणि १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. मिसुरी नदीकाठचा केटी मार्ग आज सुमारे ३८६ किलोमीटर सलग आहे तो याच तरतुदीमुळे. तिथली गाडी १९८६ च्या पुरानंतर बंद पडली होती.

ब्रिटनमध्ये नेमकं उलटं झालं. १९६३ मध्ये तिथल्या रेल्वेचे अध्यक्ष बीचिंग यांचा अहवाल आला आणि हजारो किलोमीटर लोहमार्ग बंद झाले. पट्टे तुकड्या-तुकड्याने विकले गेले, पूल पाडले, कुठे घरं उभी राहिली. म्हणून तिथले अनेक जुने लोहमार्ग आज दहा-वीस किलोमीटर छान जातात आणि मग एका कुंपणाशी संपतात. ब्रिस्टल ते बाथ हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग स्वयंसेवकांनी १९७९ ते १९८६ या काळात टप्प्याटप्प्याने केला. त्यातूनच पुढे देशभराचं सायकल मार्गांचं जाळं उभं राहिलं. त्या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण तो पट्टा आधीच राखला असता तर त्यांना इतकी वर्षं फावडी घेऊन का झगडावं लागलं असतं?

फेनबान या लोहमार्गाची गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. जर्मनीतल्या आखनपासून बेल्जियममधून लक्झेंबर्गमधल्या त्र्वाव्हिएर्जपर्यंत १२५ किलोमीटर. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने हा लोहमार्ग बेल्जियमला दिला. आजूबाजूची जमीन नाही, फक्त रुळांचा पट्टा. त्यामुळे त्या पट्ट्याच्या पश्चिमेला राहिलेले जर्मनीचे तुकडे मुख्य देशापासून सुटे झाले आणि आजही सुटेच आहेत. रूळ गेले, गाडी गेली, पण पट्टा बेल्जियमचाच. काही ठिकाणी तुमची चाकं बेल्जियममध्ये असतात आणि डावा-उजवा दोन्ही हात जर्मनीकडे. ताईने तिथे मुद्दाम सायकल थांबवून पाय बाजूच्या गवतावर टेकवला आणि परत घेतला. संपूर्ण मार्ग डांबरी आहे, पाऊस पडून गेला तरी चाकाला चिखल लागत नाही. मधे रस्ते आडवे येतात तिथे थांबावं लागतं, एवढंच.

सामानासकट आम्ही केलेला सगळ्यांत मोठा पल्ला मात्र अमेरिकेतल्या पिट्सबर्ग ते वॉशिंग्टनचा. त्यात दोन वेगळ्या वाटा एकमेकींना जोडल्या आहेत आणि दोघींचा स्वभाव इतका निराळा आहे की त्या एकामागून एक चालवल्या की आधी सांगितलेलं सगळं पायांना कळतं. पहिली ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, पिट्सबर्ग ते कंबरलँड २४१ किलोमीटर, जुन्या लोहमार्गांवरून, बारीक दाबलेल्या चुनखडीची. पिट्सबर्गकडून सुमारे २०० किलोमीटर चढत जायचं, पण तेवढ्यात चढ जेमतेम ५०० मीटर. चढतोय हे कळतच नाही, फक्त पायडल मारणं सोडलं की सायकल लवकर थांबते. मग ७२९ मीटर उंचीवर जलविभाजक लागतो. तिथून पुढचं पाणी अटलांटिककडे जातं आणि मागचं मेक्सिकोच्या आखाताकडे. त्यानंतर सुमारे एक किलोमीटरचा बिग सॅव्हेज बोगदा, आणि कंबरलँडपर्यंत उतारच उतार. हा बोगदा हिवाळ्यात बंद ठेवतात, हे जाणाऱ्याने आधी बघून घ्यावं, कारण त्याला वळसा घालायचा तर मोटारींच्या डोंगरी रस्त्यावर उतरावं लागतं.

कंबरलँडला लोहमार्ग संपतो आणि चेसापीक अँड ओहायो कालवा सुरू होतो. पोटोमॅक नदीच्या काठाने २९७ किलोमीटर, थेट वॉशिंग्टनपर्यंत. हा कालवा १९२४ मध्ये पुरानंतर बंद पडला. त्याच्या काठावर खेचरं दोर लावून होड्या ओढायची, त्यांची ही वाट. दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. चुनखडीवरून आल्यावर पहिल्याच दिवशी फरक कळतो: माती, मुळं, दगड, पाऊस झाला की डबकी. वेग निम्म्यावर. कालवा पाणी सपाट ठेवतो, त्यामुळे चढ-उतार जवळजवळ नाहीत, पण पाण्याची पातळी बदलायला दरवाज्यांची जी बांधीव जागा असते, म्हणजे लॉक, तिथे वाट अचानक दोन-अडीच मीटर उतरते. अशी ७४ लॉक आहेत. प्रत्येकापाशी छोटा झटका बसतो. तेवढीच तुमची उतरण.

या वाटेवर आज मोटारी नाहीत ते आपोआप झालेलं नाही. १९५० च्या दशकात इथे मोटारींसाठी रस्ता करायची योजना होती आणि वॉशिंग्टन पोस्ट वृत्तपत्राने संपादकीयातून तिची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या संपादकांना पत्र लिहिलं: माझ्याबरोबर ही सगळी वाट चालून बघा आणि मग ठरवा. मार्च १९५४ मध्ये ५८ जण निघाले. डग्लस धरून नऊच जण पूर्ण अंतर चालले, पण संपादकांनी आपलं मत बदललं. १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. मला यातलं सगळ्यांत जास्त काय पटतं, तर त्यांनी नुसता वाद घातला नाही, लोकांना तिथे नेलं. मोटारविरहित वाट म्हणजे काय हे कागदावर कुणाला पटवून देता येत नाही. मी हे इतकं लांबलचक लिहितेय तरी हे मला मान्य आहे.

याच कालव्यावर पॉ पॉ नावाचा बोगदा आहे, साधारण ९५० मीटर लांब, आतून विटांनी बांधलेला. १८३६ मध्ये काम सुरू झालं आणि १८५० मध्ये संपलं. आत दिवे नाहीत. कालव्याचं पाणी आणि त्याच्या बाजूने लाकडी कठड्याची अरुंद वाट, जिच्यावरून सायकल हातात धरून चालायचं. आम्ही आत शिरलो तेव्हा कुठूनतरी चालण्याचा आणि बोलण्याचा आवाज येत होता. समोरून? मागून? वीट प्रत्येक आवाज परत फेकत होती आणि मला काही केल्या दिशा कळेना. मी थांबून मागे टॉर्च मारला, मग पुढे मारला. ताई शांतपणे चालत राहिली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "ताई, मला कळतच नव्हतं कोण कुठून येतंय." ती म्हणाली, "मग? मला रोज असंच असतं." इतकी वर्षं तिच्याबरोबर राहून, आरसा कुठला घ्यायचा ते तिच्याबरोबर ठरवून, तिला काय ऐकू येतं हे मला त्या ९५० मीटरमध्ये पहिल्यांदा ऐकू आलं.

बोगद्यांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगून टाकते. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गारठा असतो आणि छतातून पाणी ठिबकत असतं, म्हणून जाकीट पॅनियरच्या, म्हणजे सायकलला लटकवायच्या सामानाच्या पिशवीच्या, तळाशी ठेवू नका. आणि दिवा उजेडासाठी पुरेसा हवा. शहरात दुसऱ्यांना दिसावं म्हणून लावतो तो लुकलुकणारा दिवा आत काही कामाचा नाही.

फ्रान्सचा मिदी कालवा पाहिला की कालव्यांबद्दलचा आदर वाढतो. पिएर-पॉल रिके यांनी १६६६ मध्ये काम सुरू केलं, १६८० मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी कालवा पूर्ण झाला. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या 'तो' नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर. तुलूझकडचे पहिले सुमारे ५० किलोमीटर गुळगुळीत आहेत, आणि बरेच लोक तेवढं बघून पुढचंही तसंच असेल असं धरून चालतात. पुढे मात्र बऱ्याच भागात साधी पायवाट आहे, आणि प्लेन वृक्षांची मुळं जमिनीतून वर आलेली. या झाडांनी कालव्याला सावली दिली, काठ धरून ठेवले. पण २००६ पासून बुरशीच्या रोगाने ती मरत आहेत, हजारोंनी तोडावी लागली, आणि जागी दुसरी लावणं चालू आहे. सावली नसलेल्या भागात पाण्याच्या दोन बाटल्या कमी पडतात. पातळ टायरवर हा कालवा करू नका. मी ४० मिलिमीटरचे टायर वापरते, हवा जरा कमी ठेवते, आणि मुळांचे धक्के तरीही मनगटांना बसतातच.

डॅन्यूबचा मार्ग सगळ्यांना माहीत असतो, म्हणून त्याच्यावर फार लिहीत नाही. जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत साधारण सव्वातीनशे किलोमीटर, बराचसा भाग घोड्यांनी होड्या ओढायच्या काठांवरून. लोक म्हणतात नदीबरोबर जा, उतार मिळतो. एवढ्या अंतरात नदी दीडशे मीटरही उतरत नाही, उतार म्हणून काही हाताला लागत नाही. खरं कारण वारा: तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो आणि तुम्ही पूर्वेला जात असता. सगळाच मार्ग मोटारविरहित नाही, गावांपाशी आणि काही अरुंद भागांत रस्त्याच्या कडेने जावं लागतं. पण पहिल्या मोठ्या प्रवासाला मी हाच सुचवेन, कारण वाट चुकायची भीती नाही आणि थांबायला जागा जवळजवळ आहेत.

तिथेच आम्हाला एक सुख सापडलं, जे मी आधी कुठे वाचलं नव्हतं. रस्त्यावर सायकली एकामागे एक चालतात. दिवसभर एकत्र प्रवास करूनही बोलणं होत नाही. बोलायचं तर ओरडायचं, आणि ताईशी तेही नाही, कारण ओरडणारा कुठे आहे ते तिला कळत नाही. मोटार नसलेल्या रुंद वाटेवर शेजारी-शेजारी चालवता येतं. तिकडे उजव्या बाजूने चालायचा नियम. मग ताई उजवीकडे, तिचा बंद कान गवताकडे, आणि मी डावीकडे, चांगल्या कानाच्या बाजूला. मागून घंटी वाजली तर मी तिच्या मागे होते, तो सायकलस्वार पुढे निघून गेला की पुन्हा शेजारी येते. आईचं आजारपण, ताईच्या मुलीचं शिक्षण, आम्ही लहानपणी का भांडायचो, हे सगळं आम्ही सायकलवर बोललोय. घरात एवढ्या सलग बोलायला आम्हाला कधी वेळ मिळालाच नाही.

आता नकाशांबद्दल, कारण इथेच लोक फसतात. सायकल मार्गाला नाव आहे, क्रमांक आहे, पाट्या आहेत, म्हणजे तिथे मोटारी नसतील असं नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय जाळ्याने स्वतःचीच तपासणी केली आणि रस्त्यांवरून जाणारे काही भाग सगळ्यांना सुरक्षित नाहीत हे मान्य करून २०२० मध्ये जाळ्याचा जवळपास चौथा हिस्सा वगळला किंवा त्याचा दर्जा बदलला. नकाशावरच्या रेघा कमी करायला संस्थेला धैर्य लागतं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. युरोव्हेलो या युरोपातल्या सायकल मार्गांच्या जाळ्याचे खंडभर पसरलेले मार्गही सलग मोटारविरहित नाहीत. सहा क्रमांकाचा अटलांटिक ते काळा समुद्र हा मार्ग फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी छान आहे, पण पूर्वेकडे त्याचे मोठाले भाग साध्या रस्त्यांवर आहेत.

म्हणून मी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचा सायकलसाठीचा नकाशा उघडते आणि तुकडा-तुकडा बघते. त्यात कच्च्या रस्त्यांच्या पाच श्रेणी असतात, पहिली म्हणजे पक्की, पाचवी म्हणजे नुसती माती. तिसरीपर्यंत सामानासकट जाता येतं, चौथी कोरडी असेल तरच. त्यानंतर उपग्रहाच्या चित्रावर फक्त एकच गोष्ट तपासते: ही वाट मोठ्या रस्त्याला कुठे आडवी जाते आणि तिथे पूल आहे, भुयारी मार्ग आहे की नुसतीच ओलांडायची आहे. शंभर किलोमीटरची निवांत वाट एका वाईट क्रॉसिंगने बिघडू शकते. निसर्गाचे फोटो मी या टप्प्यावर बघतच नाही.

दुसरी गोष्ट फाटकांची. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून वाटेच्या तोंडाशी लोखंडी नळ्यांची वेडीवाकडी अडथळा-फाटकं लावतात. हेतू चांगला, पण मोटारसायकलवाला बहुधा कुठूनतरी आत येतोच आणि अडकतो तो पॅनियरवाला, ट्रेलरमध्ये मूल घेऊन आलेली आई, हाताने चालवायची तीनचाकी घेऊन आलेला अपंग प्रवासी. आम्ही पॅनियर काढून, सायकली उचलून पलीकडे ठेवून, पुन्हा पॅनियर लावून पुढे गेलो आहोत, दिवसातून कितीतरी वेळा. आम्ही उचलू शकतो. ज्याला उचलता येत नाही त्याला ती वाट बंदच आहे. मोटार आत येऊ नये आणि माणूस मात्र येऊ शकावा, यासाठी मधोमध एक खांब पुरतो.

वाट शोधायची सगळ्यांत सोपी पद्धत बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात निघाली. ह्यूगो बोलेन या खाण इंजिनिअरने खाणीतल्या बोगद्यांच्या जोडांना क्रमांक असतात त्यावरून सायकल मार्गांच्या प्रत्येक जोडाला क्रमांक द्यायची कल्पना मांडली, आणि १९९५ मध्ये ती तिथे सुरू झाली. आज नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीच्या बऱ्याच भागांतही तेच आहे. सकाळी पाच-सहा आकडे कागदावर लिहून हँडलपाशी चिकटवायचे, झालं. फोन खिशात. मोठ्या नावाचा एकच मार्ग पूर्ण करण्यापेक्षा अशा जाळ्यात आठवडाभर मनाला येईल तसं फिरणं मला जास्त आवडतं, हे मात्र माझं व्यक्तिगत मत.

आणि कंटाळा? येतो. डोंगर कापून काढलेल्या भागात दोन्ही बाजूंना भिंत आणि डोक्यावर झाडं, तासभर काही दिसत नाही. नदीच्या बांधावर समोरून वारा लागला की दहा किलोमीटरची सरळ रेघ संपता संपत नाही. घाट चढण्यातली मजा इथे नाही, असं म्हणणारे मित्र मला आहेत आणि त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. पण मी तर त्या सरळ रेघेवरही पक्षी ओळखायला शिकले. आधी मला आवाज ऐकूच यायचे नाहीत, कारण कान दुसऱ्या कामावर होता. ताईला पक्षी कुठल्या झाडावर आहे ते आवाजावरून कळत नाही. ती सांगते काय ऐकू आलं, मी सांगते कुठे, आणि मग दोघी मिळून शोधतो.

पुढचा प्रवास कुठला यावर सध्या आमचं एकमत नाही. ताईला स्पेनमधला सिएराचा हिरवा मार्ग हवा आहे: ऑल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो, ३६ किलोमीटर, ३० बोगदे आणि चार मोठे पूल. १९२० च्या दशकात बांधायला घेतलेला तो लोहमार्ग, ज्यावरून शेवटपर्यंत एकही गाडी धावली नाही. वाटेत साफ्रामागोनच्या कड्यावर गिधाडांची मोठी वस्ती आहे. पॉ पॉनंतर बोगद्यांत आपलं पारडं जड असतं हे तिच्या लक्षात आलंय. मला न्यूझीलंडचा ओटागो सेंट्रल हवा आहे, मिडलमार्च ते क्लाइड १५२ किलोमीटर. १९९० मध्ये तिथली गाडी बंद झाल्यावर वाटेवरची गावं ओस पडायला लागली होती आणि २००० मध्ये सायकल मार्ग पुरा झाल्यावर सायकलवाल्यांच्या येण्याजाण्याने ती पुन्हा उभी राहिली. मला त्या गावांत राहायचं आहे. ताईचं म्हणणं, न्यूझीलंडमध्ये वाहनं डाव्या बाजूने चालतात, म्हणजे मार्गापर्यंत पोचायला जेवढं रस्त्यावरून जावं लागेल तेवढं तिच्या वाईट बाजूचं. मुद्दा बिनतोड आहे. मार्गाच्या तोंडापर्यंत सायकली वाहनातून नेता येतात का, हे मी आता बघतेय. येत असतील तर ती नाही म्हणणार नाही, आणि नसतील तर सिएरा.